कसब आहे, साक्षीदार नाही: निर्वासित कारागिराला त्याच्या कामावर परत कसं आणायचं

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी स्टुटगार्टला एम.एस. करते आणि रविवारी तिथल्या एका संस्थेत निर्वासित कुटुंबांना मदत करायला जाते. तिच्याकडे एक सीरियन जोडपं येतं. नवरा अलेप्पोत इलेक्ट्रिशियन होता, आता पार्सलच्या गोदामात रात्रपाळीला खोकी उचलतो. बायको गणिताची शिक्षिका, पण मूल लहान म्हणून घरीच. दाखले सगळे घरासोबत गेले. मुलगी फोनवर विचारते, "आई, ह्यांना त्यांच्या मूळ कामावर परत कसं आणायचं?" आणि तुम्ही तो प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतून माझ्याकडं पाठवलाय.

मी पूर्वी शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कामगार भरतीचं काम बघायचो. नंतर बरीच वर्षं नैऋत्य जर्मनीत, निर्वासितांना नोकरी शोधून देणाऱ्या एका केंद्रात सल्लागार होतो. त्या अनुभवावरून सांगतो. तुम्हाला वाटतंय की या माणसाला काहीतरी नवीन शिकवायला हवं. खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडं उद्यमनगरात एखादा टर्नर कामावर कसा लागतो ते आठवा. अर्ज नंतर. आधी कुणीतरी मालकाला सांगतं, "ह्यानं अमक्याकडं सहा वर्षं काढली आहेत, हात चांगला आहे, सुट्ट्या मारत नाही." त्या एका वाक्यावर माणूस मशीनवर उभा राहतो. निर्वासित माणूस देश सोडतो तेव्हा हे वाक्य बोलणारे सगळे मागं राहतात. मालक, उस्ताद, सोबतचे कामगार, गिऱ्हाईकं, कुणीच उरत नाही. कसब त्याच्या हातात शाबूत असतं. त्याची साक्ष देणारा मात्र नव्या देशात एकही नसतो. तुमच्या मुलीनं जे काही करायचं ते हा साक्षीदार उभा करण्यासाठी करायचं. नोकऱ्यांच्या जाहिराती शोधून त्याला पाठवत बसू नये, ते काम तोही करू शकतो.

पण त्याआधी एक गोष्ट तपासायची, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. त्याच्या वास्तव्याच्या कार्डावर नेमकं काय लिहिलंय? जर्मनीत ज्याला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली आहे त्याला नोकरीची पूर्ण मुभा असते, धंदाही करता येतो. ज्याचा आश्रयाचा अर्ज अजून चालू आहे त्याला पहिले काही महिने काम करता येत नाही आणि पुढंही परवानगी काढावी लागते. अर्ज फेटाळलाय पण परत पाठवणं तूर्त थांबवलंय, अशांची गत आणखी वेगळी. सीरियन लोकांच्या बाबतीत तर जास्तच जपून पाहावं लागतं, कारण डिसेंबर २०२४ मध्ये असद यांची सत्ता गेल्यावर जर्मनीनं त्यांच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले होते. तुमच्या मुलीनं यात स्वतःच्या अंदाजानं सल्ला देऊ नये. कारितास, डियाकोनी अशा संस्थांची मोफत सल्ला केंद्रं गावोगाव आहेत, तिथं कार्ड घेऊन एकदा जावं.

दुसऱ्या देशातला अनुभव इथं लावायचा नाही, हेही सांगून ठेवतो. ब्रिटनमध्ये अर्ज प्रलंबित असलेल्या माणसाला साधारण १२ महिने थांबल्यावरच कामाची परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांसाठी. कॅनडानं स्वतः निवडून आणलेल्या निर्वासिताला विमानतळावर उतरताच कायम वास्तव्य मिळतं. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात पगारी नोकरी आणि स्वतःचा धंदा या दोन्हींवर वेगळी कलमं आहेत, पण प्रत्येक देश ती आपापल्या पद्धतीनं पाळतो. भारतानं त्या करारावर सहीच केलेली नाही.

आता गोदामाच्या नोकरीबद्दल. "ती सोडून दे आणि पूर्ण वेळ भाषा शिक" असं तुमची मुलगी त्याला सांगेल, कारण विद्यार्थ्याला तसंच वाटतं. तसं सांगू देऊ नका. या माणसाच्या डोक्यावर काय आहे ते तिला बहुधा माहीत नाही. प्रवासासाठी घेतलेलं कर्ज असतं, तुर्कस्तानात किंवा लेबनॉनमध्ये अडकलेले आईवडील असतात, दर महिन्याला पैसे पाठवावे लागतात. हे तो पहिल्या भेटीत सांगत नाही. शिवाय स्वतःच्या कमाईवर घर चालतंय ही गोष्ट कागदोपत्रीही मोलाची आहे. मान्यताप्राप्त निर्वासिताला साधारण पाच वर्षांनी कायम वास्तव्य मागता येतं, आणि जर्मन सी-१ या बऱ्याच वरच्या पातळीपर्यंत असेल व पोटापुरतं बहुतांश स्वतः कमावत असेल तर तीन वर्षांनी. संरक्षण कोणत्या प्रकारचं आहे त्यावर हे नियम बदलतात, म्हणून वर म्हटलं, आधी कार्ड बघा.

नोकरी ठेवायची, पण रात्रपाळी सोडवायची. पाळी बदलणं हीच तुमच्या मुलीची पहिली खरी मदत ठरेल. गोदामात रात्री कुणी बोलत नाही, हातातलं स्कॅनर सांगेल ते उचलायचं. सकाळी आठला माणूस घरी येतो, झोपतो, आणि वर्गाची वेळ निघून जाते. अशी दोन वर्षं गेली की भाषा तिथंच राहते आणि माणूस स्वतःला हमाल समजायला लागतो. हे मी इतक्या वेळा बघितलंय की या मुद्द्यावर मी हट्टीच आहे. दुपारपाळी मिळाली तरी सकाळी चार तास वर्गाला जाता येतं. त्यासाठी मालकाला एक साधं पत्र आणि भाषावर्गाचा नोंदणीचा कागद बहुतेक वेळा पुरतो.

मग त्याच्याशी कामाबद्दल बोलायचं. इथं बहुतेक स्वयंसेवक "तुझ्याकडे कोणती कौशल्यं आहेत?" असं विचारतात आणि समोरून "इलेक्ट्रिशियन" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारायचं, अलेप्पोत एखाद्या मंगळवारी सकाळी कामावर गेल्यावर पहिल्यांदा काय करायचास? हाताखाली किती पोरं होती? घरांचं वायरिंग, की कारखान्यातले थ्री-फेज पॅनेल? मोटर रिवाइंडिंग केलंस का? जनरेटर? हिशेब कोण ठेवायचं? नकाशा वाचून काम करायचास, की मालक तोंडी सांगायचा? दोन-तीन बैठकांत मोठा ऐवज निघतो. फोनमधले जुने फोटो जरूर बघायचे. लग्नाचे, सहलीचे फोटो सरकवता सरकवता मध्येच एखादा उघडा पॅनेल दिसतो, केबल ओळीत बांधलेल्या, खाली उभा राहून हा हसतोय. दाखले घरासोबत गेले तरी असे फोटो व्हॉट्सॲपवर कुठल्यातरी चुलतभावाकडं असतातच. ते मागवायचे, तारीख आणि जागा लिहून ठेवायची.

हे सगळं गोळा करायचं कारण पुढं येतं. जर्मनीत परदेशी पात्रतेला मान्यता देण्याचा कायदा १ एप्रिल २०१२ पासून लागू आहे. त्यात एक तरतूद फार मोलाची आहे आणि निर्वासितांना ती क्वचित कुणी सांगतं. माणसाचा दोष नसताना दाखले गहाळ झाले असतील, तर त्याच्या धंद्यातले तज्ज्ञ त्याचं काम बघून पात्रता ठरवू शकतात. प्रत्यक्ष काम करून दाखवणं, तांत्रिक मुलाखत, एखाद्या कारखान्यात काही दिवसांची चाचणी, असं काहीही त्यात येतं. म्हणजे माझ्या भाषेत, सरकारच साक्षीदार पुरवतं. घरांचं वायरिंग करणारा असेल तर अर्ज तिथल्या हांडवेर्क्सकामरकडं, म्हणजे कारागिरांच्या चेंबरकडं जातो. कारखान्यातला मेंटेनन्सवाला असेल तर न्युरेंबर्गच्या आयएचके फोसा या कार्यालयाकडं. म्हणून तो मंगळवार नीट विचारायचा. अर्ज चुकीच्या दारात गेला तर महिने जातात.

फी काही शे युरोंपर्यंत जाऊ शकते. जॉबसेंटर, म्हणजे तिथलं सरकारी रोजगार कार्यालय, किंवा अनुदान योजना ती उचलू शकते, पण पैसे भरण्याआधी विचारावं लागतं. आधी भरून मग मागितले तर हात हलवत परत यावं लागतं. निकाल बऱ्याचदा "अंशतः समकक्ष" असा येतो आणि माणूस खचतो, त्याला वाटतं आपण नापास झालो. त्याला तो कागद शेजारी बसून वाचून दाखवायचा. त्यात नेमकं काय कमी आहे ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ जर्मन सुरक्षा मानकं किंवा इमारतींमधली नवी नियंत्रण यंत्रणा. तेवढंच शिकलं की उरलेली मान्यता मिळते. पहिल्यापासून साडेतीन वर्षांची उमेदवारी करावी लागत नाही.

साक्षीदार म्हणजे मला काय म्हणायचंय, ते एका प्रसंगातून सांगतो. दमास्कसजवळच्या एका ओतकामाच्या कारखान्यातला मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, होता, पन्नाशीकडं झुकलेला. एका लहान फौंड्रीत मी त्याला मुलाखतीला घेऊन गेलो. ऑफिसात त्याचं जर्मन तोंडातून फुटेना. "हो", "नाही", पुन्हा "हो". बाई फाइल मिटायला लागल्या. निघताना आम्हाला मोल्डिंगच्या शेडमधून जायचं होतं. तिथं वाळूचा ढीग होता. त्यानं चालता चालता मूठभर वाळू उचलली, घट्ट आवळली, मूठ उघडली आणि तो गोळा मधोमध मोडून कडा बघितली. कडा भुसभुशीत ढासळली. त्यानं मान हलवली आणि बोटानं पाण्याच्या नळाकडं दाखवलं. शिरोलीत माझ्यासमोर मोल्डर लोक रोज हेच करायचे, वाळूत ओल बरोबर आहे का ते असंच बघतात. शेडचा मायस्टर, म्हणजे तिथला उस्ताद, लांबून बघत होता. तो जवळ आला, त्यानंही मूठभर उचलली, आवळली, मोडली. मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मायस्टर ऑफिसात गेला आणि म्हणाला, ह्याला दोन आठवडे माझ्याकडं द्या. पुढं तो माणूस तिथंच कायम झाला.

ऑफिसातल्या बाईंचा यात काही दोष नव्हता. वाळू त्यांना कळत नव्हती, आणि भाषा सोडून मोजायला त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं. म्हणून तुमच्या मुलीला सांगा, मनुष्यबळ विभागाला दहा ईमेल करण्यापेक्षा एका इलेक्ट्रिकल कंत्राटदाराला भेट. स्टुटगार्टच्या आसपास पाच-दहा माणसांची लहान वर्कशॉपं खूप आहेत, त्यांना कारागीर मिळत नाहीत अशी त्यांची कायमची तक्रार असते. सकाळी सातच्या आत फोन केला तर मालक स्वतः उचलतो. "पगार द्या" म्हणायचं नाही, "एक आठवडा हात बघा" म्हणायचं.

इथं एक धोका आहे आणि तो मी पुन्हा पुन्हा सांगत आलोय. फुकटात हात बघायच्या नावाखाली राबवून घेणारेही असतात. चाचणी तोंडी ठरवायची नाही. जॉबसेंटरमार्फत कंपनीतली चाचणी मंजूर करून घेता येते, तिला साधारण सहा आठवड्यांची मर्यादा असते, विम्याची सोय होते आणि प्रवासखर्च मिळू शकतो. सुरू व्हायच्या आधी कागद हातात हवा. आणि शेवटी नोकरी मिळो न मिळो, मायस्टरकडून कामाचं लेखी प्रमाणपत्र घ्यायचंच. पुढच्या दारात तोच कागद त्याच्या वतीनं बोलेल.

भाषेचं बघू. सरकारी एकात्मता वर्गात भाषेच्या ६०० तासिका आणि देशाच्या माहितीच्या १०० तासिका असतात, आणि बी-१ ही मधली पातळी हे ध्येय असतं. ते करायचंच. पण वर्गातलं जर्मन आणि स्टुटगार्टच्या साइटवर बोललं जाणारं श्वाबी जर्मन यांत अंतर आहे. पुस्तकातून मराठी शिकलेला परप्रांतीय माणूस एकदम गंगावेशीच्या तालमीत येऊन बसला तर त्याला "काय भावा, कुठं हाईस" हे कळायला जेवढा वेळ लागेल, तेवढा इथंही लागतो. त्यासाठी कामाचीच भाषा आधी शिकवायची. तुमच्या मुलीनं त्याच्यासोबत बांधकाम साहित्याच्या मोठ्या दुकानात जाऊन इलेक्ट्रिकलच्या रांगेत तासभर घालवावा. तो वस्तू हातात घेऊन ती कशासाठी ते सांगेल, ती जर्मन नाव सांगेल, दोघं फोनवर रेकॉर्ड करतील. तिलाही नावं माहीत नसतील, तेही बरंच. तो तिला शिकवतोय हे त्याला जाणवू दे.

आणि एक गोष्ट पाठच करून घ्यायची. जर्मनीत विजेच्या कामाचे पाच सुरक्षा नियम ठरलेले आहेत: प्रवाह पूर्ण तोडा, तो पुन्हा चालू होणार नाही याची सोय करा, वीज नाही हे मोजून खात्री करा, अर्थिंग करून शॉर्ट करा, शेजारचे जिवंत भाग झाका. तिथल्या प्रत्येक शिकाऊ पोराला हे क्रमानं तोंडपाठ असतं. परदेशी कारागिरानं चाचणीच्या पहिल्या सकाळी हे पाच नियम जर्मनमध्ये घडाघडा म्हटले, की मालकाच्या मनातली निम्मी भीती जाते, कारण त्याची भीती भाषेपेक्षा अपघाताची असते.

तुम्ही शेवटी विचारलंय की त्यानं सरळ स्वतःचं दुकान का टाकू नये, आपल्या गांधीनगरसारखं. प्रश्न बरोबर आहे, कारण आपल्या दाराशीच हा इतिहास घडलाय. आजच्या गांधीनगरच्या जागी असलेल्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली ती माणसं. त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारलं, नाटकं केली. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आजही आहे. पण ती वस्ती वाट बघणारी होती. घरचे पुरुष सैन्यात, युद्ध संपलं की जायचं, कुठं ते ठाऊक नाही. त्यांतल्या अनेकांचं पुढचं आयुष्य ब्रिटनमध्ये उभं राहिलं, तिथं १९४७ मध्ये पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा खास कायदा झाला. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. त्यांना परतायचा रस्ता उरला नव्हता. हेच आपलं गाव, असं ते धरून चालले आणि तिथं त्यांनी घाऊक कापडबाजार उभा केला. आज कोकणापासून सीमाभागापर्यंतची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला येतात. राहायची खात्री असली की माणूस मुळं धरतो, हे मी तिथून शिकलो. कार्डाचा मुद्दा मी सगळ्यात आधी घेतला, त्याचं कारणही हेच.

तरीही दुकानाचा सल्ला या माणसाला देऊ नका. जर्मनीत कापड विकायला मुभा आहे, पण विजेचं काम स्वतःच्या नावावर घ्यायला सहसा मायस्टरची पदवी किंवा खास परवानगी लागते. ती न घेता घरोघर वायरिंग करायला लागला तर दंड आणि बदनामी दोन्ही पदरात पडेल, आणि ओळखीचे लोक त्याला नेमका हाच मोह घालतील. आधी कुणाच्या तरी हाताखाली कारागीर म्हणून नाव व्हायला हवं. धंदा पुढं होतो, खूप जणांनी केलाय.

बायकोबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. तिथंही असंच होतं, घरातली सगळी मदत नवऱ्याकडं वळते. जर्मनीत २०१५ मध्ये आलेल्या निर्वासित पुरुषांचं नोकरीतलं प्रमाण आता देशातल्या एकूण पुरुषांच्या बरोबरीला पोचलंय, बायकांचं मात्र जर्मनीतल्या एकूण बायकांच्या निम्म्यावर अडकलंय. गणिताची शिक्षिका आहे म्हणजे ती शिकायची सवय असलेली आहे, आणि गणिताच्या शिक्षकांची तिथं टंचाई आहे. रस्ता लांब आहे हे खरं. शाळा हा प्रत्येक राज्याचा वेगळा विषय, जर्मन फार वरच्या दर्जाचं लागतं, आणि तिथं शिक्षकाला सहसा दोन विषय शिकवावे लागतात, हिच्याकडं एकच आहे. पण पोट्सडाम विद्यापीठानं २०१६ मध्ये खास निर्वासित शिक्षकांसाठी अभ्यासक्रम सुरू केला, त्यानंतर इतर विद्यापीठांतही असे प्रयत्न झाले. तोवर शाळेत सहायक म्हणून शिरता येतं, आणि शाळेत शिरलं की मुख्याध्यापकच तिचा साक्षीदार होऊ शकतो. हे सगळं मुलाच्या पाळणाघरावर अडलंय. एक वर्षावरच्या मुलाला जागा मिळणं हा तिथं ऑगस्ट २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे, पण रांगा मोठ्या असतात. अर्ज आजच करायचा, आणि लेखी.

मुलीला माझ्याकडून एवढं सांगा, त्यांच्या आयुष्यात फार आत शिरू नकोस. त्यांची पत्रं स्वतः लिहून देऊ नकोस, शेजारी बसून त्यांच्याकडून लिहून घे. मुलाखतीच्या तयारीत पळून येण्याची कहाणी वदवून घेऊ नकोस. कंत्राटदाराला ती ऐकायची नसते आणि सांगणाऱ्याची त्या रात्रीची झोप जाते. मधली रिकामी वर्षं एका वाक्यात उरकायची: युद्धामुळे देश सोडला, आता इथं राहतो, काम करायला तयार आहे. बस्स. आणि परीक्षा जवळ आली की ती रविवारी जाऊ शकणार नाही, हे तिनं आत्ताच त्यांना सांगावं. न सांगता गायब झालेल्या स्वयंसेवकांचा या लोकांना फार अनुभव असतो.

पुढच्या रविवारी ती त्यांना भेटेल तेव्हा तीन गोष्टी विचारून मला कळवा: कार्डावर संरक्षणाचा कोणता प्रकार आणि कोणती मुदत आहे, अलेप्पोत त्याचं काम घरांचं होतं की कारखान्याचं, आणि आत्ता जर्मनची कोणती परीक्षा पास झालाय. कार्डाचा फोटो पाठवू नका, नुसतं लिहून पाठवा. घरांचं काम असेल तर चेंबरच्या अर्जात काय कसं भरायचं ते मी सविस्तर लिहीन. बायकोनं अलेप्पोत कोणत्या इयत्तांना शिकवलं, आणि गणिताबरोबर कधी भौतिकशास्त्र शिकवलं होतं का, हेही विचारा. शिकवलं असेल तर दुसऱ्या विषयाची तिची अडचण बरीच हलकी होईल.